न विचारता आत घेणारा देश

माझ्या साडूंचं न ऐकणारा माणूस विमानतळावरून घरी परत येतो, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण तो माणूस मीच. बँकॉकला व्हिसा लागत नाही, एवढं ऐकून मी तिकिटं काढली. "पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक लागते," असं साडूंनी बजावलं होतं. माझा चार महिन्यांनी संपत होता आणि सहल पाच दिवसांची, म्हणजे गणित माझ्याच बाजूने होतं. काउंटरवरच्या मुलीचं गणित वेगळं निघालं. परतताना बायको घरापर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये घर फार लांब असतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या ताईचे यजमान. कोपरीत राहतात, बँकेतून निवृत्त झालेत. भारताबाहेर कधी गेले नव्हते, पण जगाची त्यांनी सरळ वाटणी केलेली: आपल्याला नुसतं आत घेणारे देश आणि आधी चौकशी करणारे देश. कोणी व्हिसा मागतो म्हटलं की त्यांचा चेहरा असा होतो, जणू जेवायला बोलावून यजमानानेच दारात 'आपण कोण?' विचारलं. कुठे हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागतं, कुठे लस टोचल्याचा दाखला, सगळं तोंडपाठ. ही सवय घरातही शिरली. शहाडचा चुलतभाऊ बॅग घेऊन आला, तर दारातच विचारलं, "मुक्काम किती? परतीचं तिकीट?"

"शहाडचं कसलं परतीचं तिकीट, दादा?"

"मग पास दाखव!"

हे वेड लागलं त्याला कारण होतं. लेक जर्मनीत. तिथल्याच मुलाशी लग्न केलं आणि कळवलं लग्नानंतर. रागाच्या भरात साडू फोनवर म्हणून गेले, "या घरात पाऊल टाकू नकोस." लेक त्यांचीच, तिने शब्दशः ऐकलं. ती बोलावल्याशिवाय येणार नाही, हे बोलावणार नाहीत. मध्ये नात झाली, चालायला लागली. ताई रोज व्हिडिओ कॉल करायची, तेव्हा साडू पेपर तोंडासमोर धरून बसायचे. कॉल संपेपर्यंत पान काही उलटायचं नाही.

एकदा ते आमच्या टॉवरवर आले. वॉचमनने नाव, नंबर, कोणाकडे, कशासाठी विचारलं आणि फोटो काढायला मोबाइल उचलला. साडू तिथूनच मागे फिरले आणि मला फोन. "तुमचा देश व्हिसा मागतो. तूच ये खाली."

गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. मी म्हटलं, "काय हे साडूबुवा, घर वर आणि आपण इथे!"

त्यांचा ग्लास हातातच राहिला. "तू घरात नाहीस, मी घरात नाही. तरी भेट झाली ना?"

"झाली की."

"मग मॉरिशस!"

मला वाटलं, चहा बाधला. साडू म्हणाले, "अरे, मॉरिशसला लेकीकडच्यांना व्हिसा नाही, आपल्याला नाही. कोणी कोणाच्या घरी जायचं नाही, कोणी कोणाला विचारायचं नाही!"

ताईने लेकीला फोन केला. "आम्ही मॉरिशसला चाललोय गं. असंच आपलं सांगते." पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग, "आम्हालापण तेव्हा सुट्टी आहे, आई. बघते."

मॉरिशसच्या विमानतळावर अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं. 'टुरिझम' घोकून गेलेले साडू म्हणाले, "ग्रँडडॉटर." त्याने हसून शिक्का मारला. बाहेर लेक उभी होती, जावई होता, कडेवर पोर. तिला बघून साडू काय बोलले असतील? "जेवलात का?"

ते परतल्यावर आम्ही कोपरीला गेलो. मी कौतुकाने विचारलं, "समुद्र कसा आहे हो तिथला?"

"असेल चांगला. हॉटेलच्या मागे होता म्हणे."

गाडीत मला हसू आवरेना. म्हटलं, एवढ्या लांब जाऊन समुद्र न बघता परत येणारा माणूस आपल्याच नात्यात निघावा! बायको हसली नाही. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा म्हणाली, "अहो, ती पोर पहिले दोन दिवस भाऊजींकडे फिरकलीसुद्धा नाही. ताई रोज तिच्या डोक्याला आपलं घरचं तेल लावायची. निघायच्या दिवशी आपणहून मांडीवर येऊन बसली, तर तिच्या केसांचा वास घेत बसले कितीतरी वेळ. आणि एवढं सगळं करून, लेकीला 'घरी या' म्हणायचं तेवढं राहिलंच हो त्यांचं."