खालचं वाचता येईल अशी रेघ

दर रविवारी जेवणं आटोपली की प्रमिलाकाकू टेबल पुसून कोरडं करायच्या, वाचायचा चष्मा लावायच्या आणि विश्वकोशाचा एक खंड, सहा इंची पट्टी आणि काळं बॉलपेन घेऊन बसायच्या. छापलेलं काही जुनं झालेलं किंवा चुकीचं ठरलेलं दिसलं, की त्यावर पट्टी धरून एकच बारीक रेघ मारायच्या. समासात नवी माहिती, खाली सही, सहीखाली तारीख. पेन्सिल चालत नसे आणि व्हाइटनर तर घरातच नव्हतं. साउथहॅम्प्टनच्या त्यांच्या घरात इंग्रजी विश्वकोशाचे जाडजूड खंड एक अख्खी भिंत अडवून होते आणि काकूंची सही नाही असा खंड त्यात शोधूनही सापडला नसता.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो वाय-फायसाठी. पुण्याहून वर्क व्हिसावर येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. माणूस आयटीत आहे एवढं कळलं, की मराठी मंडळात त्याच्याकडे राउटरपासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्तीला येतं. काकूंचा राउटर या खंडांच्या मागे गुदमरत होता. खंड हलवता हलवता, कुणी मत विचारलेलं नसताना, मी म्हणालो, "काकू, आता हे कुणाला लागत नाही. सगळं फोनवर मिळतं." पुणेकराला एवढी सूट असते असा माझा समज होता.

काकू रागावल्या नाहीत. "केदार ना तू? आडनाव काय?" एवढंच त्यांनी विचारलं. मी लिमये म्हणून सांगितलं. त्यांनी चष्मा लावून काहीतरी लिहून घेतलं. राउटर परत बिघडला तर बोलवायला नाव टिपत असतील, असं मला वाटलं. मग त्यांनी वांग्याचं भरीत वाढलं. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "नागपूरचं तिखट आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "पाणी पिऊ नको, दही घे."

काकू मूळच्या नागपूरच्या. नवरा डॉक्टर, त्यांना इकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून त्याही आल्या आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला लागल्या. पहिल्याच वर्षी त्यांनी रजिस्टरमध्ये एका पेशंटचा आकडा चुकीचा लिहिला. चूक लक्षात आल्यावर घाबरून त्यावर पांढरा रंग फासला आणि वर दुसरा आकडा लिहिला. दुपारी वॉर्डमधून फोन आला, खरा आकडा कोणता? रंगाखालचा वाचता येईना आणि काकूंना तो आठवेना. "त्या बाईला पुन्हा सुई टोचावी लागली रे. माझ्या पांढऱ्या रंगापायी." त्यांच्या वरिष्ठ मिसेस हॉब्ज ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसती पट्टी हातात दिली आणि रेघ कशी मारायची ते दाखवलं. खालचं वाचता आलं पाहिजे, कुणी बदललं ते कळलं पाहिजे, कधी बदललं ते कळलं पाहिजे. हे काकूंनी मला इतक्यांदा सांगितलंय की मिसेस हॉब्ज मला माझ्याच शाळेतल्या बाई वाटतात.

विश्वकोश घेतला तो मुलासाठी, संजयसाठी. तेव्हा दरवर्षी एक पुरवणी खंड यायचा आणि त्याच्याबरोबर गोंद लावलेल्या छोट्या चिठ्ठ्या. जुन्या पानावर चिठ्ठी चिकटवायची, म्हणजे या विषयावर नवं काय झालं ते पुरवणीत कुठे बघायचं ते कळायचं. काकू चिठ्ठ्या लावत गेल्या. संजय मोठा झाला, लंडनमध्ये स्टॅनमोरला स्थायिक झाला, काका गेले, चिठ्ठ्या चालूच. मग एका वर्षी पुरवणीऐवजी पत्र आलं. छपाई बंद, यापुढे सगळं ऑनलाइन, आजवरच्या साथीबद्दल आभार. काकूंनी ते पत्र घडी करून शेवटच्या खंडात ठेवलं. "त्यांनी सोडलं. मी कुठे सोडलं?" असं म्हणून त्या रविवारी त्यांनी स्वतःच पट्टी घेतली.

नेटशी त्यांचं वैर होतं असं कुणी समजू नये. नवी माहिती त्या टॅबलेटवरच शोधायच्या. फक्त दोन वेगवेगळ्या ठिकाणी तेच सापडल्याशिवाय लिहायच्या नाहीत. "दुसरा आधार नाही तर रिझल्ट सोडायचा नाही," हा लॅबचा नियम. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात कुणी हळदीनं अमुक बरं होतं म्हणून फॉरवर्ड वाचून दाखवलं, की मागच्या खुर्चीतून प्रश्न यायचा, "सही कोणाची आहे त्याच्यावर?" त्यामुळे मंडळाच्या ग्रुपवर त्या फारशा लाडक्या नव्हत्या.

मी रविवारी जाऊ लागलो तो आधी भरतासाठी, हे कबूल करतो. हळूहळू पानं बघायची गोडी लागली. पोटातल्या अल्सरच्या नोंदीत मनस्ताप आणि तिखट खाणं ही कारणं छापली होती. त्यावर रेघ, आणि समासात जंतूचं नाव. ते दाखवताना काकूंचा चेहरा उजळायचा. "इतकी वर्षं बिचाऱ्या तिखटाला बोल लावून राहिले होते लोकं!" शनीच्या चंद्रांपाशी तर समास संपला होता. एका आकड्यावर रेघ, त्याच्या पुढच्यावर रेघ, मग चिठ्ठी, चिठ्ठीवर चिठ्ठी. "या शनीनं मला साडेसाती लावली आहे," त्या म्हणायच्या. काही ठिकाणी त्यांनी स्वतःच्याच दुरुस्तीवर रेघ मारली होती. तिथेही सही, तारीख.

एकदा मी म्हणालो, "काकू, नेटवरही आधी काय होतं ते बघता येतं. हिस्टरी असते."

"तू पाहिलं का कधी?"

मी पाहिलं नव्हतं.

मग काकू जिन्यावरून पडल्या. पाय बरा झाला, पण संजयनं त्यांना स्टॅनमोरला न्यायचं ठरवलं. तो चांगला मुलगा, पण जन्म इथला आणि मराठी तशीच. "आई, तुझी रूम छोटा आहे. ते सगळा ऑनलाइन आहे." काकूंनी वाद घातला नाही. जागा नव्हती हे त्यांना दिसत होतं. त्यांचं म्हणणं एकच, संच फुटता कामा नये आणि तो वापरणाऱ्याकडे गेला पाहिजे. त्यांनी यादी केली आणि आम्ही दारोदार फिरलो. चॅरिटी शॉपमधली बाई प्रेमानं म्हणाली, "एन्सायक्लोपीडिया आम्ही घेतच नाही, लव्ह." वाचनालयानं स्वतःचाच संच काढून टाकला होता. शाळेत म्हणाले, यात पेननं लिहिलंय. "म्हणून तर द्यायला आली ना मी!" काकू म्हणाल्या.

मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे. महिनाभर खपून मी रेघ दिसेल तिथली प्रत्येक दुरुस्ती एका स्प्रेडशीटमध्ये भरली आणि मोठ्या ऐटीत टॅबलेट त्यांच्यापुढे धरला. आता खंड गेले तरी बिघडत नाही, असं माझं मत. काकू बराच वेळ बोट फिरवून बघत राहिल्या.

"रेघ कुठे आहे रे?"

मी फक्त बरोबर उत्तरं भरली होती. चुका गाळल्या होत्या, सह्या गाळल्या होत्या, तारखा गाळल्या होत्या. महिनाभर बसून मी त्यांच्या इतक्या वर्षांच्या रविवारांवर पांढरा रंग फासला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि टॅबलेट बाजूला ठेवला.

घर सोडायची तारीख जवळ आली, तेव्हा त्यांनीच कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे रद्दी-कचरा टाकायच्या डेपोवर, स्लॉट बुक करायला सांगितलं. माझ्या गाडीची मागची सीट खंडांनी भरली. तिथला पिवळ्या जॅकेटमधला माणूस भला होता. त्यानं समजावलं, पुस्तकं पुठ्ठ्यासकट कागदाच्या डब्यात चालत नाहीत, आधी कव्हरं फाडा, पानं इकडे, पुठ्ठे तिकडे. काकूंनी पहिला खंड मांडीवर घेतला, कव्हर धरलं आणि थांबल्या.

"काकू, माझ्याकडे नेऊ या," मी म्हणालो.

"नुसते ठेवायला नेऊन राहिला असशील तर नको. फर्निचर नाही ते." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "रविवारी बसशील?"

"बसेन."

"सही तुझी?"

"माझी."

"मग फिरव गाडी."

माझ्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये खंड लागले आणि जेवणाचं टेबल गेलं. दर रविवारी दुपारी स्टॅनमोरहून फोन यायचा. "आज काय धरलं?" मी सापडलेलं सांगायचो, त्या टॅबलेटवर पडताळायच्या. एक आधार मी, दुसरा त्या. दुसऱ्याच आठवड्यात मी एका नदीची लांबी चुकीची लिहिली आणि पान खराब झालं म्हणून हळहळत बसलो. त्या फोनवर खो खो हसल्या. "झाली ना सुरुवात! मार रेघ."

दोन वर्षं एकही रविवार चुकला नाही. या मार्चमध्ये काकू गेल्या. तीन दिवस हॉस्पिटलात होत्या, मग संपलं. अंत्यविधीनंतर संजयनं त्यांचा टॅबलेट माझ्या हातात दिला. "तू घे. त्यात आईचा नोट्स आहे. संडेला तुझ्याशी बोलल्याशिवाय ती चहा पण नाही घ्यायचा." मला त्याच्या मराठीतली चूकही कळली नाही, इतकं रडू आलं.

पुढच्या रविवारी फोन येणार नव्हता. तरी मी जेवलो, पट्टी घेतली. कोणता खंड धरावा ते सुचेना, म्हणून 'ई'चा काढला, आमच्या दोघांत तो कधी निघाला नव्हता. विश्वकोशात विश्वकोशाचीही नोंद असते. त्या नोंदीत एक वाक्य छापलं होतं, की विश्वकोश म्हणजे घरातला रोजच्या उपयोगाचा सोबती. त्यावर रेघ नव्हती, म्हणून स्प्रेडशीट भरताना ते पान माझ्या नजरेतून सुटलं होतं. समासात काकूंचं वळणदार अक्षर होतं:

"आता हे कुणाला लागत नाही. — केदार लिमये. दुसरा आधार: बाकी."

खाली सही. तारीख मी राउटरसाठी गेलो त्या दिवसाची.

इतकी वर्षं त्यांनी तो रिझल्ट सोडला नव्हता.

मी माझ्या वाक्यावर पट्टी धरली. एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. सही केली. तारीख घातली.