सासऱ्यांनी बेतलेलं गॅस्केट

माझे सासरे शिंपी. त्यांच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, स्वागत चाललंय. त्यांनी माझ्या शर्टाची बाही उलटी केली, आतली शिवण चष्म्याजवळ नेऊन पाहिली, "टाका बारीक आहे, पण दोरा कच्चा" असा निकाल दिला आणि मग माझं नाव विचारलं.

कुठलीही वस्तू उलटी केल्याशिवाय, आणि जमल्यास उसवल्याशिवाय, ती कळत नाही असं त्यांचं ठाम मत. या मतापायी घरातलं घड्याळ, कुकरची शिट्टी, वजनकाटा आणि दोन छत्र्या उसवल्या गेल्या. निम्म्या पुन्हा जुळल्या. उरलेल्यांबद्दल सासूबाई अजून बोलतात.

जन्मभर स्वतः शिवलेलं घालणाऱ्या या माणसानं आयुष्यात एकच मोठी वस्तू तयार घेतली, ती म्हणजे गाडी. तीही दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेली. "जुनी आहे, पण बसली बघा अंगाला," असं म्हणत ते सुट्टीच्या दिवशी सासूबाईंना घेऊन आक्कांकडे जायचे. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. राहायला टेकडीवरच्या वस्तीत. गाडी सपाटीवर शहाण्यासारखी चालायची आणि चढावर, पाण्याच्या टाकीपाशी आली की वाफ सोडायची. मग सासरे बॉनेट उघडून आत डोकावत बसायचे आणि सासूबाई रस्त्याकडेच्या दगडावर, मांडीवर पर्स घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे न बघण्याचा प्रयत्न करत.

शेवटी सासूबाईंनी जाहीर केलं, "आता एकदा जरी वाफ निघाली, तर गाडी विकायची. मी दलालाशी बोलून ठेवलंय. सोमवारी येतोय तो."

सासरे रडकुंडीला आले. मेकॅनिकनं गाडी तपासून सांगितलं, "थर्मोस्टॅट चिकटलाय. गाडी ठेवून जा, संध्याकाळी न्या."

"ठेवून जा? म्हणजे माझ्या पाठीमागे उघडणार?"

"मग काय तुमच्यासमोर आरती करत उघडू?"

"तसं नाही हो. पण मला दिसणार कसं आत काय आहे ते?"

सासरे नवा थर्मोस्टॅट तेवढा विकत घेऊन घरी आले आणि मला फोन केला. "जावईबापू, रविवारी मोकळे आहात ना? बॅटरी धरायला माणूस हवाय." जावयाचा मान म्हणतात तो हा.

रविवारी सकाळी अंगणात गाडी थंडगार उभी होती. सासऱ्यांनी जुनी चादर अंथरून पाने-पक्कड मांडली. गळ्यात सवयीनं टेप. रेडिएटरचं हिरवं पाणी टबात काढलं, वरचा जाड पाइप सोडवला, दोन बोल्ट काढले आणि झाकण उचललं. आत थर्मोस्टॅट बसला होता, रुपयाहून जरा मोठी चकती आणि तिच्या पोटाशी स्प्रिंग.

"एवढासाच?" सासरे म्हणाले. आवाजात आदर होता.

दुसरा कुणी असता तर जुना फेकून नवा बसवला असता. सासरे दोन्ही घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"अहो, ते माझं दुधाचं पातेलं आहे!"

"पाणीच तर तापवतोय."

"मला काही बघायचं नाही त्यातलं," असं म्हणून सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. सासऱ्यांनी दोन्ही थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्यात सोडले. बराच वेळ काहीच नाही. मग पाण्यातून बुडबुडे यायला लागले आणि नव्यानं हळूहळू तोंड उघडलं, पिल्लानं चोच उघडावी तसं. जुन्यानं नखभर फट केली आणि तिथंच अडला.

"पण त्याला कळतं कसं, पाणी तापलंय ते? तार नाही, वीज नाही."

मी फोनवर वाचून सांगितलं, "आत मेण असतं. तापलं की वितळून फुगतं आणि दांडा ढकलतं. मग वाट उघडते आणि गरम पाणी थंड व्हायला रेडिएटरकडे जातं."

"मेण? आपण दोऱ्याला लावतो तसलं?" दूरच्या गावी अचानक नातेवाईक भेटावा तसा सासऱ्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तत्काळ जुना थर्मोस्टॅट करवतीनं उसवला, आतलं बोटाला लावून चोळलं, हुंगलं. "आपल्या धंद्यातलाच की हा!"

अडचण पुढेच आली. झाकणाखालचं, फटीतून पाणी गळू नये म्हणून बसवलेलं कागदी गॅस्केट काढताना फाटलं होतं आणि नव्या पुडीत गॅस्केट नव्हतं. दुकान रविवारचं बंद. शेजारच्या पंप दुरुस्तीवाल्यानं गॅस्केटचा जाड कागद दिला. आता कागद, खडू आणि कात्री म्हटल्यावर सासऱ्यांना काय शिकवायचं? झाकण कागदावर ठेवून खडू फिरवला आणि कात्री चालवली. कॉलर कापावी इतकं सफाईदार गॅस्केट निघालं. मी मनापासून वाहवा केली. मला त्यात काय कळत होतं!

सगळं बसवून, पाणी भरून गाडी सुरू केली. तापमानाची सुई मध्यावर आली. मध्य ओलांडला. वरच्या पाइपला हात लावला तर तो गार. सुई लालकडे निघाली तशी मी घाईघाईनं गाडी बंद केली.

"दलालाला आजच बोलावू का?" दारातून प्रश्न आला.

सासरे उलट्या बादलीवर बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. म्हटलं, "नवाही खराब निघाला असेल."

"कसा असेल? सगळ्यांच्या देखत पातेल्यात उघडला की!" ते एकदम ताठ झाले. गाडी जाणार हे दुःख बाजूला राहिलं आणि डोळे चमकायला लागले. "पातेल्यात उघडतो आणि इंजिनात उघडत नाही. का बरं?"

एवढ्यात सासूबाई हिरव्या पाण्याचा टब उचलायला म्हणून आल्या आणि इंजिनाकडे बघत थबकल्या.

"अहो, ही झालर कसली?"

झाकणाच्या कडेनं कागद बोटभर बाहेर आला होता.

"ती माया आहे."

आता हे सांगायला हवं. कपडा बेतताना मापापेक्षा जास्तीचं कापड शिवणीच्या आत सोडतात, पुढे कपडा सैल करता यावा म्हणून. शिंपी त्याला माया म्हणतात. सासऱ्यांचा हात त्यात सढळ. माझ्या लग्नाच्या पँटच्या पोटात आणखी एक जावई मावेल एवढी माया होती आणि आजवर ती मला तीनदा उपयोगी पडली आहे.

"माया?" सासूबाई म्हणाल्या. "गाडी काय लठ्ठ होणारे?"

"सवय आहे गं."

"मग आतल्या बाजूलाही सोडली असेल."

सोडली होतीच. गॅस्केटच्या मधलं भोकही सासऱ्यांनी तसंच बेतलं होतं, रेषेच्या आत थोडा कागद ठेवून.

इंजिन थंड होईपर्यंत आम्ही जेवून घेतलं. सासऱ्यांचा घास हातातच राहत होता. मग झाकण उघडलं. जास्तीचा कागद थर्मोस्टॅटच्या काठावर पसरला होता आणि काठावरचं टाचणीच्या डोक्याएवढं भोक त्यानं पुरतं झाकलं होतं.

"इथून हवा निघून जाते!" सासरे ओरडले. "भोक बुजलं, हवा खाली कोंडली. बिचाऱ्याच्या अंगाला गरम पाणी लागलंच नाही, मग त्याला कळणार कसं?"

चूक सापडल्याचा इतका आनंद मी कुणाला झालेला पाहिला नाही.

दुसरं गॅस्केट बेतायला मात्र घाम फुटला. बरोबर रेषेवर कापणं म्हणजे त्यांच्या लेखी गिऱ्हाइकाशी दगाबाजी. कात्री आपोआप बाजूला सरकायची. शेवटी सासूबाईंनी कागद धरला.

"रेषेवर. रेषेवर म्हटलं ना! अहो, पुन्हा बाहेर निघालात."

या वेळी पाणी भरताना रेडिएटरच्या तोंडाशी हवेचे बुडबुडे आले. गाडी सुरू केल्यावर थोड्या वेळानं पाइपावर हात ठेवून बसलेले सासरे पोटातल्या बाळानं लाथ मारावी तसे दचकले. "आलं! गरम पाणी आलं!"

पण खरी परीक्षा चढाची. चौघांनी एकदम बसायचं नाही, असं सासऱ्यांनी ठरवलं होतं. म्हणून माझी बायको घरी राहिली आणि मी मागे बसलो. सासूबाई पुढे, पर्स मांडीवर, नजर सुईवर. चढ लागला. टाकी दिसली. सासऱ्यांनी सवयीनं ब्रेकवर पाय नेला.

"थांबताय कशाला? कुठे काय झालंय?" सासूबाई म्हणाल्या.

टाकी मागे पडली. आक्कांच्या दारात गाडी थांबली, तेव्हा सुई मध्यावर होती.

"उद्या दलाल आला तर नको म्हणून सांगा," सासूबाई म्हणाल्या. पण त्या उतरल्या नाहीत. सुईवर बोट ठेवून म्हणाल्या, "एवढा चढ चढलो, तरी ही मध्येच कशी काय थांबली?"

"मघाशी पातेल्यात दाखवत होतो, तेव्हा बघितलं नाहीस."

"तेव्हा दुधाच्या पातेल्याचा राग होता. आता सांगा."

सासऱ्यांनी बॉनेट उघडलं आणि सासूबाई उतरून शेजारी आल्या. "याला हात लावू नकोस हं, गरम आहे." दोन डोकी आत वाकली. दारात उभ्या असलेल्या आक्कांनी कपाळाला हात लावला आणि मला विचारलं, "काय रे, आज वाफ नाही, तरी बिघडलीच का?"