आमचा गेम थ्री फेजवर चालायचा

स्टुडिओ बंद केला की कॉम्प्युटर विकता येतात, खुर्च्या वाटून टाकता येतात. किस्से मात्र कुणी उचलून नेत नाही. ते माझ्याकडंच राहिलेत. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या चौकात चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "अबे, तो सर्व्हर बसला होता ते सांग ना." मग एकातून दुसरा निघतो.

आम्ही तिघं होतो. मी, इंदोरचं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून आलेला. पवन चित्रं काढायचा. दीपाली सर्व्हर सांभाळायची, आणि आमच्यात डिग्रीवाली ती एकटीच. जागा म्हणजे राजपुऱ्यातल्या आमच्या घराची वरची खोली. गेम म्हणजे ऑनलाइन केळीची बाग. रोप लावा, पाणी द्या, घड काढा, शेजारच्या बागवाल्याशी गप्पा मारा.

* * *

माझे वडील, आप्पा, शाळेत गणित शिकवतात. मी कॉलेज सोडलंय हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. "मुलगा घरी कसा?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "सुट्ट्या आहेत."

उन्हाळ्यात हे खपलं. मग पोळ्यालाही सुट्ट्या, संक्रांतीलाही सुट्ट्या. शेवटी समोरच्या वहिनी म्हणाल्या, "सर, हे कॉलेज आमच्या पोरासाठी पण बघा ना."

मी आप्पांना तोंडावर विचारलं, "पोरं पेपरात खोटं उत्तर लिहितात तेव्हा तुम्ही शून्य देता ना?" ते वर्तमानपत्र वाचत राहिले. आमच्याकडची मोठी माणसं अडचणीत आली की वाचायला लागतात. मला त्यांच्याकडून एवढंच हवं होतं: मी काय करतो ते एकदा, परक्या माणसासमोर, त्यांनी आपल्या तोंडानं सांगावं.

* * *

बाग शिकायला आम्ही देडतलाईला काकांच्या मळ्यात गेलो. पवननं अभिमानानं आपलं केळीचं चित्र दाखवलं. काकांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"हे केळं दुकानात टांगलेलं आहे," ते म्हणाले. "झाडावरचं केळं वर बघतं."

आम्ही तिघांनी मान वर केली. खरंच, घड खाली लोंबत होता आणि त्यातलं एकेक केळं आभाळाकडं वळलेलं. आम्ही बुऱ्हाणपूरची माणसं, जन्म केळीत गेलेला, आणि हे कधी बघितलंच नव्हतं! मी अर्धा तास त्या एका झाडाखाली उभा होतो.

"आधी का नाही सांगितलं?" पवननं विचारलं.

"तू आधी चुकला कुठं होता?" काका म्हणाले.

* * *

मग मी मुद्द्याचं विचारलं, "काका, पाणी कधी द्यायचं?"

"लाईट असेल तेव्हा."

मी वहीत लिहून घेतलं. पंपाला थ्री फेज लागते, ती ठरलेल्या तासांनाच येते. एका फीडरवरच्या, म्हणजे विजेच्या एका लाईनवरच्या, गावांना सकाळी, दुसऱ्या फीडरवरच्यांना दुपारी. आम्ही गेममध्ये अगदी तसंच केलं. यात काही वेगळं आहे असं तिघांपैकी एकालाही वाटलं नाही. पाणी म्हणजे असंच असतं.

गेम सुरू झाला आणि पुण्याहून पहिली तक्रार आली: "सकाळपासून पंप चालत नाही. बग आहे."

दीपालीनं उत्तर टाकलं, सगळ्यांना दिसेल असं: "बग नाही. तुमचा फीडर वेगळा आहे. तुमची लाईट दुपारी येईल."

पाच मिनिटांनी पुण्याहून प्रश्न आला: "फीडर म्हणजे काय?"

दीपालीनं तो आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला. असेही लोक असतात?

* * *

गंमत म्हणजे आम्हाला चूक वाटलीच नव्हती, ती ही चूकच गेमला लागू पडली. लाईट येईपर्यंत करायला काही नसे, म्हणून लोक बोलत बसत. "लाईट आली का?" "नाही, तुमच्याकडं?" कोल्हापूरच्या एक बाई घरातल्यांना सोडून नागपूरच्या एका बागवाल्याशी रोज भाजीवर बोलायच्या. माणूस थांबायला लागला की बोलायला लागतो, हे मला कुठल्याही कॉलेजनं शिकवलं नसतं.

एका दुपारी लाईट आली, सगळ्यांनी एकदम पंप सुरू केले आणि आमचा सर्व्हर बसला. खराखुरा बसला. दीपाली घामाघूम. दोन तासांनी सगळं सुरू झालं तेव्हा शिव्या वाचायच्या तयारीनं आम्ही गप्पांचं पान उघडलं. तिथं एकानं लिहिलं होतं: "ट्रान्सफॉर्मर उडालेला हुबेहूब दाखवलाय. कमाल केली पोरांनी."

* * *

गेम चालला, तसा समाजाच्या हॉलमध्ये आमचा सत्कार झाला. शाल, नारळ. प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले. विषय होता, मोबाइलमुळं तरुण पिढी वाया गेली. मी शाल पांघरून ऐकत होतो.

सूत्रसंचालकानं तिसऱ्या रांगेतल्या आप्पांपुढं माइक धरला. "सर, मुलाबद्दल दोन शब्द?"

आप्पा उभे राहिले. घसा साफ केला.

"सुट्टीत केलंय त्यानं," आप्पा म्हणाले आणि बसले.

* * *

मोठ्यांना नावं ठेवतो, पण गेम मी बुडवला. गेम बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "खेळणाऱ्याला थांबवायचं नसतं भाऊ. चोवीस तास लाईट द्या." दीपाली म्हणाली, "कर मत. सब चले जाएंगे." पवन म्हणाला, "देऊन बघू." बटण माझ्या हातात होतं. मी दाबलं.

महिन्याभरात बागा हिरव्यागार झाल्या आणि गप्पांचं पान ओस पडलं. कोल्हापूरच्या बाईंनी शेवटचं लिहिलं: "आता कुणाला काय विचारू?"

आम्ही घाईघाईनं जुनी वेळ परत लावली. तोवर माणसं उठून गेली होती. दीपालीला पुण्यात नोकरी लागली, पवन लग्नपत्रिका करायला लागला. एका सोमवारी मी सर्व्हर बंद केला, जिन्यावरचा स्टुडिओचा बोर्ड काढला आणि अंगणात भिंतीला टेकवला.

* * *

त्याच आठवड्यात आप्पांच्या शाळेचे जुने हेडमास्तर घरी आले. मी चहा घेऊन गेलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय सर, याच्या सुट्ट्या संपल्या की नाही?"

मी कप ठेवून वळलो. उत्तर मला पाठ होतं.

"सुट्ट्या नाहीत," आप्पा म्हणाले. "कॉलेज सोडलंय त्यानं. गेमचा स्टुडिओ आहे त्याचा."

मी दारातच थांबलो.

हेडमास्तरांनी अंगणातल्या बोर्डाकडं बघितलं. "पण तो तर बंद पडला म्हणे?"

"बंद नाही. लाईट गेलीय."

हेडमास्तरांनी डोक्यावर गरगर फिरणाऱ्या पंख्याकडं बोट दाखवलं. "लाईट तर आहे की, सर."

आप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"तुमचा फीडर वेगळा आहे."