दाराकडे वळलेली मान

मेहरूणच्या हेमलताने आयुष्यात किती गुलाबाया घडवल्या, ते तिलाही सांगता येणार नाही. भादव्याच्या पौर्णिमेला पोरीबाळी घरोघर मातीची गुलाबाई मांडतात आणि तिच्या सासरचा साचा तीन पिढ्यांचा. माती दाबायची, साचा उलटवायचा, की आलाच गोल चेहरा, टपोरे डोळे, समोर नजर. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. पण हात शिवशिवायचे. लेक शाळेत जाऊ लागली तशी हिने मूर्तिकामाची पदविका घेतली आणि आश्रमशाळेवर मातीकाम शिकवायच्या नोकरीला अर्ज ठोकला. सासू गुंताबाई म्हणाली, “आपला साचामा काय खोट शे व?”

जागा एक, उमेदवार सात. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. धुळ्याला परीक्षा होती. समोर बसलेल्या माणसाची मूर्ती दिवसभरात घडवायची. बसायला आणला होता धनसिंग, सातपुड्याच्या पायथ्याचा म्हातारा, मजुरीवर. साडेतीनला सोडतो असं त्याला कबूल केलेलं. पण परीक्षक लीलाधर सर स्वतःच दीड तास उशिरा उगवले आणि परीक्षा पाचपर्यंत लांबली. मोठ्यांच्या उशिराबद्दल कोण विचारतो!

धनसिंग सारखा दाराकडे मान वळवायचा. कुणीतरी ओरडायचं, “बाबा, सरळ बघा!” तो सरळ व्हायचा आणि घटकाभराने पुन्हा मान दाराकडे. हेमलताही दोनदा ओरडली.

सव्वातीनला तिने मागे सरकून आपली मूर्ती पाहिली. धड म्हाताऱ्याचं होतं, हडकुळं, खरंखुरं. वर डोकं मात्र गुलाबाईचं! टपोरे डोळे, समोर नजर, गोल गाल. मिशा लावून गुलाबाईच बसली होती. शेजारचा उमेदवार प्रेमराज फिस्सकन हसला. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. माती कापायच्या तारेने तिने ते डोकं कापून काढलं.

नवा गोळा चढवते तोच धनसिंग उठून उभा राहिला. “माय, मी जास. गावनी शेवटली बस शे. म्हातारी घर एकली शे, आजारी.”

घड्याळात साडेतीन झाले होते. “अजून दीड तास आहे! बसा खाली,” लीलाधर सर खेकसले.

बाकी सहाजणांचे चेहरे होऊन गेले होते. बिनडोक्याची मूर्ती एकट्या हेमलताची. “तुम्हाला हवेत ना हे?” सरांनी तिला विचारलं. तिने नुसतं हो म्हटलं असतं, तरी म्हाताऱ्याला दाबून बसवलं असतं. हो ओठांवर आलंही होतं. पण म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्याने ते म्हणवेना.

“जाऊ द्या त्यांना, सर,” ती म्हणाली. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतला, हे तिला म्हणताक्षणीच कळलं.

रिकाम्या स्टुलासमोर ती उभी राहिली. साचा नाही आणि माणूसही नाही. डोळे मिटले तेव्हा चेहरा आठवेचना, आठवली ती मान. ताणलेली शीर, पुढे आलेली हनुवटी, खोल गेलेली नजर. तिने मानेपासून सुरुवात केली. बोटं पुन्हा पुन्हा गोल गालाकडे पळत होती आणि ती त्यांना ओढून परत आणत होती. पाचचा टोल पडला तेव्हा एक कान राहूनच गेला होता.

लीलाधर सर एकेक मूर्ती बघत तिच्यापाशी आले. “समोर बघायचं ठरलं होतं. ही मान कुणी वळवली?”

हेमलताने दाराकडे बोट दाखवलं. “त्यांनीच, सर. दिवसभर ते दाराकडेच बघत होते. आपणच त्यांना सरळ बसवत होतो.”

कानाच्या जागी राहिलेल्या गोळ्यावर सरांनी बोट ठेवलं आणि पुढे निघून गेले. संपलं सगळं, तिला वाटलं.

परीक्षा झाली की माती हौदात परत टाकायची, हा तिथला रिवाज. शिपाई छगनने मूर्ती उचलून हौदात लोटायला सुरुवात केली. प्रेमराजचीही गेली. हेमलताच्या मूर्तीला छगनने हात घातला, तेवढ्यात लीलाधर सर दारातून मागे वळले.

“तिला ओलं फडकं गुंडाळ,” ते म्हणाले. “या बाई ती आश्रमशाळेवर घेऊन जातील.”

हेमलताला रडू कोसळलं. धनसिंगला बस मिळाली का, हे सांगणारं मात्र तिथे कुणीच नव्हतं.