उपासवाली पोर

जर्मनीला निघाले त्या सकाळी दारात जीप उभी होती, आमच्या रिठद गावातली निम्मी गल्ली ओट्यावर जमली होती आणि मी संडासात होते. तिसऱ्यांदा. बाहेर आई सगळ्यांना सांगत होती, "येईल आता, देवाजवळ बसली हाय." मला आत हसू आवरेना.

बारावीपासून मला मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार आहे. तो बरा होत नाही, ताब्यात राहतो. महिनोन् महिने निवांत जातात, मग कधी दिवसातून दहा वेळा पळावं लागतं, रक्त पडतं. पोरीचं लग्न अडेल म्हणून आईने कोणाला कळू दिलं नाही. पण आपल्याकडे कोणाच्या घरून न खाता उठणं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून तिने तोड काढली होती: "तिचा उपास हाय." सोमवार, गुरुवार, चतुर्थी पुरेनात तेव्हा नवसही निघाले. गंमत अशी, की उपास म्हटल्यावर बाया मोठ्या कौतुकाने शेंगदाण्याचा कूट आणि हिरवी मिरची घातलेली साबुदाण्याची उसळ आणून देत. माझ्या पोटाला त्याहून वाईट काही शोधून सापडलं नसतं. आदल्या संध्याकाळी शेजारच्या मंदाकाकूंची वाटी मी संपवली होती, आणि सकाळच्या त्या फेऱ्या त्या वाटीमुळेच होत्या.

प्रवासाची मला भीती नव्हती. कारंज्यापासून नागपूरपर्यंत समृद्धी महामार्गावर कुठे थांबता येतं ते पाठ होतं. विमानात कडेची सीट, गोळ्या हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. तुमच्यापैकी कोणाला असलं दुखणं असेल तर एवढं करा आणि खुशाल निघा. मला जमत नव्हतं ते फक्त खरं सांगणं.

तिथे मी एका वृद्धाश्रमात नर्स आहे. पहिल्याच आठवड्यात आमच्या मुख्य नर्सने, हेल्गाने, जेवायला बोलावलं आणि मी जर्मनमध्ये सांगून टाकलं, माझा उपवास आहे. हिवाळ्यात आजार उसळला. प्रोबेशन चालू होतं आणि मी ड्यूटीवरून सारखी गायब व्हायचे. हेल्गाने बोलावून विचारलं, "काम आवडत नाही का? तसं असेल तर आत्ताच सांग." जिभेवर नवस आलाच होता. पण नोकरी गेली तर गावी कोणत्या तोंडाने जाणार होते? मी सगळं सांगितलं, रक्तासकट. माझं जर्मन मोडकं होतं, पण इतकं सरळ मी मराठीतही कधी बोलले नव्हते. तिने मला टॉयलेटजवळच्या खोल्यांची ड्यूटी दिली आणि म्हणाली, "आणखी काय लागेल?" तेव्हा मात्र मला रडू आलं.

आईला फोन करून हे सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "नोकरी गेली काय?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मंग मी कायले भेत होती एवढे दिवस?"

यंदा सुट्टीत घरी आले, तर दुसऱ्याच दिवशी मंदाकाकू वाटी घेऊन हजर. आईने त्यांना दारातच सांगितलं, "तिचा उपास नाही मंदा, कधी नव्हताच. आतड्याचं दुखणं हाय तिले." काकूंनी वाटी खाली ठेवली आणि ओट्यावर बसल्या. "आमच्या सुनेले चार महिने झाले रक्त पडून राह्यलं," त्या हळूच म्हणाल्या, "कोणाले सांगतलं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही सुनेला अकोल्याला पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिचं माहेर अनसिंगला. एसटीत मध्येच लागली तर काय, या भीतीने ती चार महिने आईला भेटली नव्हती. दवाखान्यातल्या बाकावर बसल्याबसल्या तिने मला विचारलं, "ताई, याच्यात माहेरी जाता येते काय?"

परदेशात राहून घराची आठवण येते का, असं मला पुष्कळजण विचारतात. येते. पण आता घर म्हटलं की मला तो बाक आठवतो आणि तिचा तो प्रश्न, जो ती आणखी कोणाला विचारू शकत नव्हती.

"येते न," मी म्हटलं. "मी जर्मनीहून आली."