पदराच्या गाठीतला कापूस

देवाशी माझं बोलणं तेव्हा बंद होतं, हे आधीच सांगून टाकते. पहिला मुलगा आठ महिन्यांचा असताना तापाने गेला. सहा दिवस मी पापणीला पापणी न लावता त्याच्या उशाशी बसले होते. सातव्या दिवशी दुपारी जरा भिंतीला टेकले, कधी डोळा लागला कळलं नाही, आणि जाग आली तेव्हा सगळं संपलं होतं. लोकांनी पुष्कळ समजूत घातली. पण मी झोपले म्हणून तो गेला, हे माझ्या मनातून कुणालाच काढता आलं नाही. राजूरच्या गणपतीला साकडं घातलं होतं, तेही वाया गेलं, त्याचा राग वेगळाच.

दोन वर्षांनी मुलगी झाली आणि माझी झोप उडाली ती उडालीच. पदराच्या टोकाला मी कापसाचा एक पुंजका बांधून ठेवला होता. पोर निजली की गाठ सोडायची, कापूस तिच्या नाकाशी धरायचा, हलतो का बघायचं. हलला की पुन्हा गाठ मारायची, आणि गाठ बसेपर्यंत पुन्हा शंका. सासूबाई माझ्या तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासत, खसखशीची खीर करून घालत. निजामाच्या राज्यातले ते दिवस; यजमानांनी जालन्याच्या एका हकिमाकडून डोक्याला लावायचं तेल आणलं. मी सगळं मुकाट्याने करून घेई. झोप तर दाराशी उभी होती, मीच तिला आत येऊ देत नव्हते, हे कुणाला सांगणार? पोर सासूबाईंच्या हातीसुद्धा देववत नसे.

तिसऱ्या महिन्यात दूध आटू लागलं. पोर ओढून ओढून रडे, तिच्या मांड्यांची कातडी सैल पडली. यजमान समोर येऊन बसले. म्हणाले, "तू जागून राह्यलीस अन् पोर उपाशी मरून राह्यली. माझ्याच्यानं बघवत न्हाई. उद्या राजूरला जाऊ."

"त्यानं मागं काय केलं?" मी म्हटलं. सकाळी त्यांनी बैलगाडी जुंपली.

चतुर्थी नुकतीच होऊन गेली होती, देवळात गर्दी नव्हती. यजमान बैलांना पाणी दाखवून खाली गाडीपाशीच थांबणार होते; मी पोरीला घेऊन पायऱ्या चढू लागले. वर पोचता पोचता डोळ्यांपुढे अंधारी आली. हातातलं वजन एकदम नाहीसं झालं, एवढंच कळलं. पोर निसटली होती. मी जागी होते, तरी निसटली. शेजारून चढणाऱ्या एका म्हातारीने तिला वरच्यावर झेललं.

ती माझ्या ओळखीची नव्हती. वडीगोद्रीकडून चालत आल्ते म्हणाली. तिने मला सभामंडपात नेऊन बसवलं आणि पोरीला स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"किती दिसाची जागी हाईस गं माय?"

मी सगळं सांगितलं, कापसासकट. ती हसली नाही. "पड जरा," म्हणाली. "मी हाय ना जागी. बिलकुल डोळा लावत न्हाई."

नको म्हणायचं होतं, पण अंगात त्राणच नव्हतं. गार फरशीला गाल टेकला तेवढं आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन खांबापलीकडे सरकलं होतं. तशीच दुपार, तशीच जाग. उठून बघते तर म्हातारी खांबाला टेकून गाढ झोपलेली, हात सैल पडलेला, आणि मांडीवर पोर निपचित. पदराची गाठ बोटांना सुटेना, शेवटी दातांनी सोडली. कापूस तिच्या नाकाशी धरला, पण माझाच हात इतका थरथरत होता की तो कशाने हलतोय ते कळेना. मग कापूस बाजूला ठेवून तिच्या पोटावर हात ठेवला. पोट वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. म्हातारी घोरत होती, तिची काळजी नव्हती.

मी तिथेच बसून रडले. मी झोपले होते, जागी राहते म्हणणारीही झोपली होती, आणि पोर सुखरूप होती. मुलाच्या वेळी तू कुठे होतास, हे देवाला मी तेव्हा विचारलं नाही, आजही विचारलेलं नाही. पण माझ्या मुलाला मी झोपून मारलं नाही, एवढं त्या दुपारी मला कळलं. गाभाऱ्याकडे तोंड करून सव्वादोन वर्षांनी पहिल्यांदा बोलले. म्हटलं, "आता तूच बघ." त्या कापसाची वात वळली आणि देवापुढच्या समईत ठेवली.

म्हातारी खडबडून उठली. "लागला की गं डोळा. पोर हाय ना बराबर?"

"हाय," मी म्हटलं. "तुम्ही बी पडा जरा." तिचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं, आणि उपकार तसेच डोक्यावर राहिले.

त्या रात्रीपासून गाढ झोप लागली असं म्हणणार नाही. कित्येक दिवस मी पदराचं टोक चाचपत होते. रिकामं लागलं की कूस बदलायची. हळूहळू दूध आलं, पोर भरली. आता ती बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे, आणि तान्हीच्या काळजीने तिचा डोळा लागत नाही. दुपारी मी नातीला मांडीवर घेते आणि लेकीला म्हणते, "पड तू. मी हाय जागी." ती झोपते. मग हळूच माझाही डोळा लागतो.