रसूलनं घासलेला ड्रम

लोणंद स्टेशनासमोर उतारूंची वाट बघत उभा होतो, तेव्हा सांगलीहून आलेल्या एका ड्रायव्हरनं खिडकीवर हात ठेवून सांगितलं, "शंकर, तुझा रसूल मिस्त्री गेला रं काल." मोटार दामटली, पण पोचेतो माती होऊन गेली होती. कबरीपाशी पोरासारखा रडलो. पुढं कितीतरी दिवस रडलो म्हणा ना! चाळिसाव्या दिवशी मात्र डोळ्यांतलं पाणी जे आटलं, ते आटलंच. रसूलनं मला फसवलं होतं. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात... पण मग मी लिहू तरी काय?

सांगलीत त्याचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं, आणि माझी लोणंद-सातारा-सांगली फिरणारी सर्व्हिस मोटार. गाडी चालवायला मी त्याच्याकडंच शिकलो. पहिल्याच पावसाळ्यात मोटार चार दिवस उभी राहिली आणि ब्रेक खरखरायला लागला. चाक काढलं तर ब्रेकची पट्टी ज्यावर घासते तो मागचा लोखंडी ड्रम गंजानं लाल! माझं धाबं दणाणलं. रसूल हसत सुटला. "आरं, वरवरचा गंज हाय. हळू चालीवर चार डाव ब्रेक दाब, आपसूक जातंय. बोटाला खड्डं लागलं तर मग ये रडत." तेव्हापासून स्टँड सोडण्याआधी चार डाव ब्रेक दाबायची सवय मला लागली.

लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेना, म्हणून मी फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झालो. मोटार त्याच्या दुकानामागच्या शेडमध्ये विटांवर चढवली. शेत नाही, वाडी नाही, माझं सगळं त्या मोटारीत. वर्षानुवर्षं उभी राहिली तर गंज ड्रम खाऊन टाकील, या काळजीनं झोप लागेना. पॉलिश-कागदाचा गठ्ठा आणून सुतळीनं बांधून त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "बिनघोर जा गड्या. दर पंधरवड्याला चाकं काढून कागद मारतो." त्रेचाळीसच्या श्रावणात रजेवर आलो आणि आधी चाक काढलं. ड्रम आरशासारखा लखलखीत! मी त्याला कडकडून मिठी मारली. परत गेल्यावर बराकीत ज्याला त्याला सांगत सुटलो, दोस्त असावा तर असा.

चाळिसाव्याच्या जेवणाला माझ्या शेजारी जतकडचा एक म्हातारा बसला होता. आपण होऊनच बोलायला लागला, "लय मोठ्या दिलाचा माणूस. त्रेचाळीसच्या पावसात चळवळीपायी पोलीस आमच्या मागं लागल्यालं, तवा तीन डाव मोटारीत घालून आमाला जतला सोडलं त्येनं."

"कुठली मोटार?"

"करडी. डाव्या दिव्याची काच चिरल्याली."

माझीच की ती! "मालक कोण, ते नाही विचारलंत?"

"इचारलं की. म्हनला, मालक सरकारच्या वर्दीत हाय, त्येला कळता कामा न्हाई."

मीच तो मालक, हे मी त्याला सांगितलं नाही. कागदाचे ओरखडे आडवेतिडवे उठतात, आणि ब्रेकच्या पट्टीनं घासलेलं लोखंड गोल रेघांनी गुळगुळीत होतं. आता आठवलं, त्या श्रावणात ड्रमवर त्या गोल रेघाच होत्या. मी एवढा ड्रायव्हर, पण मायेनं आंधळा झालो होतो. मोटार नेली, त्याचा राग नाही हो! पेट्रोल कुठनं पैदा केलं, देव जाणे. ज्यांची तोंडंही कधी पाहिली नव्हती त्यांच्यावर त्यानं भरवसा टाकला, आणि ज्याच्याबरोबर एका ताटात जेवला तो मी मात्र परका. बरं, तेव्हा भीती होती म्हणू. पण पुढं देश स्वतंत्र झाला, मी वर्दी उतरवली, रोज समोरासमोर चहा प्यायलो... तरी चकार शब्द नाही.

त्यानंतर, गंज चढतो का ते बघायला, पंधरा दिवस मोटार त्याच्या शेडमध्येच उभी ठेवली. काल चाक काढलं. ड्रमवर लालभडक गंज. रसूलची बायको, आमच्या भाभी, आतून काही तरी घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाईजान, हे त्यांच्या पेटीत तळाला होतं." पॉलिश-कागदाचा तोच गठ्ठा. सुतळीची गाठही मी मारलेलीच, सुटलेली नव्हती.

आज सकाळी चाक चढवून मोटार बाहेर काढली आणि चार डाव ब्रेक दाबला. खरखर थांबली. गठ्ठा शेजारच्या सीटवर होता, तसाच बांधलेला. रसूल, एकदा विचारायचं होतंस रं. मी हो म्हणालो असतो की नाही, ते मलाही ठाऊक नाही... तेवढं तरी मला कळू द्यायचं होतंस.